फोटोखालचा नंबर

केज तालुक्यात बाळाचं बारसं व्हायच्या आधी चौकात त्याच्या आगमनाचा फ्लेक्स लागतो, आणि त्या फ्लेक्सवर बाळापेक्षा अर्जुनराव मोठे दिसतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फ्लेक्सचा एक शिरस्ता आहे. वर देव आणि दिवंगत पुढारी, त्याखाली अजून हयात असलेले, मधोमध हात जोडलेले अर्जुनराव आणि तळाला पापडाएवढ्या गोलांत शुभेच्छुक. ज्याचा फोटो, त्याच्याच खाली त्याचं नाव आणि त्याचाच मोबाईल नंबर. मागे एका फ्लेक्सवाल्याने घाईत एका शुभेच्छुकाच्या फोटोखाली त्याच्या चुलतभावाचा नंबर छापला. त्या दोन घरांत अजून हळदीकुंकवाला जाणं-येणं नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मनिषाने अर्जुनरावांच्या संस्थेची वेबसाइट बनवायचं काम घेतलं, म्हणजे स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

तिचं दुकान तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत होतं. झेरॉक्स, पीकविमा, आधारची दुरुस्ती, लग्नाचा बायोडेटा असं सगळं तिथे व्हायचं आणि अलीकडे वेबसाइटही. त्यासाठी कोडिंगबिडिंग यावं लागत नाही, हे तिने गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नव्हतं. इंटरनेटवर वेबसाइट जुळवायचा एक तयार बिल्डर मिळतो. त्यात डाव्या हाताला खोकी असतात. फोटोचं खोकं, मजकुराचं, बटनाचं, मेनूचं. माउसने उचलायचं, पानावर आणून ठेवायचं, कोपरा धरून ओढायचं. वर कॉम्प्युटर, टॅब आणि मोबाईलची चित्रं असतात. ज्यावर टिचकी मारावी त्या आकारात पान दिसतं. रांगोळी काढता येणाऱ्या बाईला सहज जमेल असं काम. अवघड असतं ते गिऱ्हाईक.

संस्थेचं नाव कै. छबुबाई शिक्षण मंडळ. छबुबाई म्हणजे अर्जुनरावांच्या मातोश्री. नेकनूरच्या रस्त्याला संस्थेचं एक वसतिगृह होतं. आईबाप उसाला गेले की मागे राहणारी लेकरं तिथे ठेवायची, अशी सोय. मनिषाचा भाऊ शहादेव आणि वहिनी सुरेखा दर दिवाळीनंतर कर्नाटकात ऊस तोडायला जायचे, आणि त्यांची नऊ वर्षांची शिवकन्या त्या वसतिगृहात राहायची. म्हणून तर अर्जुनरावांनी वेबसाइटचं नाव काढलं तेव्हा मनिषाला नाही म्हणता आलं नव्हतं.

"आण्णा, मेनूमधी काय काय टाकू?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काय म्हंजे? मान्सं टाक," अर्जुनराव म्हणाले. "आधी मी. मंग अमरसिंह. मंग संचालक, मानाच्या हिशोबानं. आश्रुबा सांगंल कोन कुनाच्या आधी ते."

अमरसिंह म्हणजे चिरंजीव. आश्रुबा म्हणजे अर्जुनरावांचा उजवा हात, ड्रायव्हर, सल्लागार आणि गरज पडली तर भावनिक घोषणा देणारा जनसमुदाय.

"आण्णा, मेनू म्हंजे रस्त्यावरच्या पाटीवानी आसतो. लोकायनी कुठं जायचं ते सांगायला."

"लोकायनी कुठं जायचं ते आजवर आमीच सांगितलंय की," अर्जुनराव म्हणाले, आणि वर अगदी मायेने विचारलं, "शिवकन्याला घेतलंय न्हवं आपन हॉस्टेलात?"

मनिषाने पाटीचा विषय तिथेच गुंडाळला. तिने पानाच्या माथ्यावर आडवी पट्टी ओढली आणि एकेक गोल फोटो आणून त्यात बसवला. कॉम्प्युटरवर ती पट्टी हुबेहूब फ्लेक्सच्या तळासारखी दिसायला लागली.

दसऱ्याच्या आधी सुरेखा शिवकन्याची पेटी घेऊन दुकानात आली. तिने स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं.

"ही येवढी तोंडं कशाला गं? दाबल्यावर बोलत्यात का?"

"न्हाई, वैनी."

"मंग काय कामाची?" सुरेखा म्हणाली आणि पेटीवर बसली.

मनिषाला हसू आलं आणि लगेच विरलंही, कारण सुरेखा तिथे कशासाठी आली होती ते तिला माहीत होतं. गेल्या हंगामात शिवकन्या तापाने फणफणली होती. सुरेखाजवळ वार्डनचा नंबर होता, पण तो वार्डन दिवाळीतच नोकरी सोडून गेला होता, नंतरचा संक्रांतीला पळाला, आणि तिसऱ्याचा नंबर कुणी ऊसतोडीच्या टोळीपर्यंत पोचवलाच नाही. सुरेखा रोज संध्याकाळी रेंजसाठी उसाच्या गाडीवर चढायची. फोनमधली बाई रोज सांगायची की हा नंबर अस्तित्वात नाही. तिला सगळं कळलं ते ताप उतरून गेल्यावर.

"नंबर नसंना का अस्तित्वात," सुरेखा म्हणाली. "पोरगी हाय का, येवढंच कुनी सांगत नव्हतं."

यावर मनिषाने सांगायचं ते सांगितलं. वेबसाइटवर ती एक बटन ठेवणार होती. वार्डन किती का बदलेनात, बटनामागचा नंबर ती दुकानात बसून बदलेल. टोळीतल्या बायांनी फक्त दाबायचं.

"दाव," सुरेखा म्हणाली आणि आपला मोबाईल पुढे केला. त्याच्या काचेला इतके तडे होते की त्यात चेहरा बघितला असता तर माणूस घाबरला असता. मनिषाने पान उघडून दिलं. मोबाईलवर वरची पट्टी आपोआप मिटते आणि उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन रेघा येतात. त्या दाबल्या की मेनू उलगडतो. फोनचं बटन त्या मेनूत होतं. सुरेखाने अंगठा दाबला. परत दाबला. मग पदराने काच पुसून पुन्हा दाबला.

"त्या कोपऱ्यात जीव न्हाई गं," ती म्हणाली. "गाडीचं चाक गेलतं वरून. खालच्या अंगाला चालतंय."

मनिषा कॉम्प्युटरकडे वळली. वरच्या मोबाईलच्या चित्रावर टिचकी मारली, बटन त्या मेनूतून बाहेर ओढलं आणि पानाच्या तळाशी आणून या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलं. त्याला हिरवा रंग दिला. पान वर सरकवा, खाली सरकवा, बटन जागचं हलणार नाही अशी खूण केली. सुरेखाच्या अंगठ्याला कोयत्याने पडलेले घट्टे होते, तरी पहिल्याच दाबाला ते लागलं. दोघी एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. दुकान काढल्यापासून आपण काहीतरी खरंच कामाचं केलं, असं मनिषाला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि त्या आनंदात तिने शिवकन्याला दोन सामोसे खाऊ घातले.

घटस्थापनेनंतर अर्जुनरावांच्या ओसरीत वेबसाइट दाखवायचा कार्यक्रम झाला. टीव्हीला लॅपटॉप जोडला होता. संचालक पांढरेशुभ्र कपडे घालून आले होते, जणू त्यांनाच उलगडून दाखवायचं होतं. पट्टी दिसली तसा जो तो आपापला गोल शोधायला लागला. सगळे सापडले. चहा आला. आणि तेवढ्यात एका संचालकाने स्वतःच्या मोबाईलवर तेच पान उघडलं.

"आण्णा, मान्सं गेली!"

"कुठं गेली?"

"हितं निस्त्या तीन रेघा हायत."

सगळ्यांनी आपापले मोबाईल काढले. मनिषाने समजावलं की मोबाईल अरुंद असतो, इतकी माणसं आडवी मावत नाहीत, म्हणून ती रेघांच्या आत असतात. रेघा दाबल्यावर माणसं एकाखाली एक बाहेर आली, पण सातव्या मानाच्या खालची माणसं स्क्रीनच्या कडेखाली गेली.

"मला बगायला बोट घासावं लागतंय!" आठव्या मानाचे संचालक ओरडले. "कावून? म्या काय पाप केलंय?"

अर्जुनराव मात्र मोबाईलवर अंगठा वर-खाली करत होते. इतकी वर्षं राजकारणात काढलेला माणूस. गोंधळ चालू असताना खुर्ची कुठे रिकामी आहे तेवढं तो बघतो.

"मनिषा, हे खाली हिरवं काय हाय?"

"फोनचं बटन, आण्णा. उसाला गेलेल्या आयांसाठी."

"कायबी केलं तरी हे हलंना की."

"न्हाई हलत. ते कायम दिसतं."

"कायम?" अर्जुनरावांनी तो शब्द पेढ्यासारखा तोंडात घोळवला. "मंग तिथं माजा फोटो पायजे."

मनिषाने क्षणभर विचार केला. बटनावर फोटो टाकला तरी बटन ते बटनच. आया फोटो दाबतील, फोन वार्डनला लागेल. तिने तिथल्या तिथे हात जोडलेले अर्जुनराव उचलले आणि हिरव्या पट्टीवर बसवले. संचालकांनी टाळ्या वाजवल्या, न वाजवून सांगतात कुणाला.

मग आश्रुबा बोलला. हा माणूस घोषणा सोडल्या तर वर्षभर बोलत नाही आणि बोलतो तेव्हा घात करतो.

"आण्णा, फोटोखाली नंबर कुनाचा हाय?"

"वार्डनचा," मनिषा म्हणाली.

त्या दोन चुलतभावांचा फ्लेक्स सगळ्यांना आठवला असणार.

"माज्या फोटोखाली दुसऱ्याचा नंबर?" अर्जुनराव सावकाश म्हणाले. "तालुका शेण घालंल तोंडात."

अर्जुनरावांचा नंबर तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. तो भिंतींवर होता, एसटीच्या निवाऱ्यावर होता, लिंबागणेशच्या वाटेवरच्या मैलाच्या दगडावरही कुणीतरी रंगवला होता. वीस वर्षांत त्यांनी तो बदलला नव्हता, आणि तो फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून कुणाच्या हातात जात नव्हता. मनिषाने दोनदा समजावून बघितलं. तिसऱ्या वेळी अर्जुनरावांनी पुन्हा त्याच मायेने विचारलं, "शिवकन्या रमली न्हवं?"

तिने वार्डनचा नंबर खोडला आणि त्यांचा टाकला. अर्जुनरावांनी एका संचालकाचा मोबाईल मागून घेतला आणि स्वतःच्या फोटोवर अंगठा दाबला, तशी त्यांच्याच खिशात रिंगटोनची हलगी वाजली. ते लहान लेकरासारखे खूश झाले. मग एकेका संचालकाने त्यांना दाबून बघितलं.

मनिषा घरी परतताना स्वतःवर इतकी चिडली होती की तिने रिक्षावाल्याशी विनाकारण भांडण काढलं. आयांसाठी केलेलं बटन तिने आपल्या हाताने एका माणसाच्या हौसेला देऊन टाकलं होतं. तिने सुरेखाला खरं ते सांगितलं.

"लावून बगते की," सुरेखा म्हणाली. "उचलला तर उचलला. त्या फोनमधल्या बाईपरीस तरी बरा."

दसऱ्याला लॅपटॉपसमोर नारळ फुटून वेबसाइटचं उद्घाटन झालं. नारळाचं पाणी कीबोर्डात गेलं आणि तेव्हापासून त्या लॅपटॉपचं एक बटन चिकटतं. दिवाळी झाली, टोळ्या गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी अर्जुनरावांची गाडी गल्लीत शिरली आणि दुकानाचं अर्धं दार अडवून उभी राहिली. दुकानात पीकविम्यासाठी पाच-सहा माणसं ताटकळत होती. ती उठून उभी राहिली. अर्जुनराव घामाघूम झाले होते. मागे आश्रुबा खाली मान घालून उभा.

"मनिषा, ते बटन काढ बाई."

"काय झालं, आण्णा?"

"काय झालं काय! दिवस मावळला की टोळ्या उसातून कोपीवर, झोपडीवर येत्यात न् समद्या बाया मलाच दाबायल्यात. मंत्र्याच्या पीएचा फोन काल वेटिंगला होता. त्येला वाटलं, मी दुसऱ्या पार्टीशी बोलायलोय."

"तुमी काय सांगता त्यास्नी?"

"काय सांगनार? म्हन्तो, ठेवा. तर ठेवतच न्हाईत!"

इतक्या बायांना हे 'ठेवा' म्हणत होते आणि त्यातली एक सुरेखा असणार. पण रागाने तिचं डोकं नेहमीपेक्षा बरं चालायचं.

"काढते की," ती म्हणाली आणि बिल्डर उघडला. "पन आण्णा, बटन म्हंजे तुमचा फोटोच हाय. बटन काढलं की फोटो निघंल."

अर्जुनरावांनी रुमालाने मान पुसली. "फोटो राहू दे. नंबर बदल."

"कुनाचा टाकू?"

"वार्डनचा टाक."

"तालुका शेण घालंल, आण्णा. तुमीच म्हनला होता." तिने निरागसपणे माउस हलवला. "असं करते, अमरसिंहदादांचा नंबर टाकते. पन मंग फोटो बी दादांचाच लागंल तिथं. कायमचा."

'कायमचा' या शब्दावर अर्जुनरावांनी तिच्याकडे असं बघितलं की मागच्या विम्यावाल्याने खोकला दाबला. येत्या निवडणुकीचं तिकीट बापाला की लेकाला, हा प्रश्न त्या घरात जेवणाच्या ताटावर बसलेला होता. अर्जुनराव काही बोलायच्या आत त्यांच्या खिशात हलगी वाजली. त्यांनी वैतागून फोन काढला, आणि चुकून बोट स्पीकरवर पडलं.

"हॅलो, आण्णा? मी सुरेखा, शहादेवची मालकीन. शिवकन्याला फोन द्या ना."

दुकानातलं माणूस न् माणूस ऐकत होतं. त्यातल्या दोघांची पोरं वसतिगृहात होती.

"आगं बाई, मी केजात हाय. लेकरू हॉस्टेलात हाय. आत्ता ठेव."

"ठेवत न्हाई, आण्णा. काल ठेवला तर परत रेंज आली न्हाई. मी गाडीवर हुबी हाय. तुमी जा तिकडं, मी थांबते."

"आगं, मी कसा जाऊ?"

"आण्णा," सुरेखाचा आवाज दुकानभर स्वच्छ ऐकू आला, "मी तुमच्याच फोटोवर दाबलंय न्हवं?"

उत्तर नसलं की पुढारी निघतो. त्यांनी आजूबाजूला बघितलं, दुकानातली मतं मोजली, आणि मोठ्याने म्हणाले, "आश्रुबा, गाडी काढ बे! लेकराला आईशी बोलायचंय न् तू हुबा काय ऱ्हायलास?"

मनिषाने दुकान तसंच उघडं टाकलं आणि गाडीत मागे बसली. वाटेभर फोन चालू होता. अर्जुनरावांनी तो देवाचा दिवा न्यावा तसा दोन्ही हातांत धरला होता. खड्ड्यात गाडी आदळली की आश्रुबाला शिवी आणि सुरेखाला धीर, असं ते आलटून पालटून देत होते.

वसतिगृहाच्या दारात कुणी नव्हतं. वार्डन सुट्टीवर होता. कोणता वार्डन, ते स्वयंपाकीण वच्छलाबाईंनाही सांगता येईना. व्हरांड्यात अंधार होता. आत एका बल्बखाली लेकरं जेवायला बसली होती. समोरच्या भिंतीवर अर्जुनरावांचा फ्लेक्स होता, हात जोडलेला. लेकरांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग परत त्यांच्याकडे.

"शिवकन्या कोन गं?" अर्जुनरावांनी विचारलं. या दारात ते फीत कापल्यापासून आले नव्हते.

शिवकन्या उष्ट्या हातानेच उठली. फोन अजून स्पीकरवर होता आणि तो बंद कसा करायचा ते अर्जुनरावांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं सगळ्यांना ऐकावं लागलं.

"माय!"

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला. मग सुरेखा म्हणाली, "जेवलीस का?"

"जेवायले. डाळ पातळ हाय. मागच्या खोलीत लाईट न्हाई. माझी चप्पल तुटली."

वच्छलाबाईंनी डाळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. अर्जुनराव छताकडे बघायला लागले.

"ताप न्हाई न्हवं?"

"न्हाई. माय, हितं फोटूतला मानूस आलाय."

"कोन?"

"भिंतीवरचा. खराच हाय. बोलतो बी."

आश्रुबाला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. मनिषाला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही. शिवकन्या आईला शाळेचं सांगत होती, मैत्रिणीचं सांगत होती, आणि बाकीची लेकरं ताटं सोडून अर्जुनरावांभोवती उभी राहिली होती. पुढची हलगी आपल्या आईची असेल या आशेने ती त्यांच्या हातातल्या फोनकडे टक लावून होती.

"बरं," सुरेखा शेवटी म्हणाली, "आता त्यास्नी दे."

शिवकन्याने फोन परत केला. अर्जुनरावांच्या महागाच्या फोनला डाळ लागली होती.

"आण्णा, उद्या याच टायमाला करते. उचलताल न्हवं?"

अर्जुनरावांनी आयुष्यात हजार आश्वासनं दिली होती, रस्त्यांची, तळ्यांची, कारखान्याची. त्यातलं एकही कुणाला दुसऱ्या दिवशी अंगठा दाबून तपासता आलं नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या स्वतःकडे एकदा बघितलं.

"उचलतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनिषा शिवकन्याला नवी चप्पल घेऊन गेली तेव्हा अर्जुनरावांची गाडी आधीच वसतिगृहाच्या दारात उभी होती. व्हरांड्यात ट्यूबलाइट लागली होती. सोबत फोटोग्राफर होता, ते सोडा. अर्जुनराव खुर्चीवर बसले होते, समोर लेकरांची रांग होती, आणि खिशात हलगी वाजली तशी त्यांनी ती पहिल्याच ठोक्याला उचलली.